करंजाखालचं गाऱ्हाणं

जानेवारीतला एखादा रविवार आला की नलिनीबाई आदल्या दिवशी आंबोळ्यांचं पीठ भिजत घालत. काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, हा बेत राऊळांच्या घरात कधी मोडला नव्हता.

कुडाळकडून लग्न होऊन त्या मुंबईला आल्या तेव्हा त्यांचे यजमान दत्ताराम गिरणीत होते. गिरणी बंद पडली, तशी दत्तारामांनी पवईला एका कचेरीच्या फाटकावर रखवालदारी धरली आणि नलिनीबाई अंधेरीला औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावायला जाऊ लागल्या. दरवर्षी गावाला जाणं परवडेना. तेव्हा दत्ताराम म्हणाले, "रान आपल्या दाराशी आसा. रान आसा थंय राखणदार असतलोच."

गावाकडे जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि मागणाऱ्याने स्वतःच होकार द्यायचा नसतो. उद्यानात नदीकाठच्या एका करंजाखाली दत्ताराम हात जोडून उभे राहत, घरातल्या माणसांची जोडीजोडीने नावं घेत आणि पानावर एक घास ठेवत. माकडांना खायला घालू नये अशी पाटी लागली, तेव्हापासून तो घास जेवण झाल्यावर डब्यातच परत येई.

धाकटा मुलगा सुबोध जहाजावर नोकरीला होता. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी तो जहाजावर सापडला नाही. समुद्रात शोधलं, पण काही हाती लागलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव या गाऱ्हाण्यात घेत नाहीत. दत्ताराम मात्र 'सुबोध, श्वेता' असं म्हणत राहिले आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत राहिले. सुबोधची बायको श्वेताही म्हणत राहिली.

गेल्या श्रावणात दत्ताराम गेले.

यंदा उद्यानात जायच्या आदल्या संध्याकाळी श्वेता सासूला नारळ खवून देत होती. तिच्या कचेरीतल्या सौरभने तिला लग्नाचं विचारलं होतं. माणूस चांगला होता. श्वेताच्या आईचा दोनदा फोन येऊन गेला होता.

"काय सांगितलंस त्याला?" नलिनीबाईंनी विचारलं.

"नाही म्हटलं."

"आवडत नाही?"

श्वेता खवत राहिली. मग म्हणाली, "आई, बाबा दरवर्षी ह्यांचं नाव घ्यायचे. मी व्हय म्हटलंय. देवासमोर, सगळ्यांसमोर. एकदा नाही, दरवर्षी. आता कुठल्या तोंडानं दुसरीकडे जाऊ?"

नलिनीबाईंनी खवलेलं खोबरं वाटीत सारखं केलं. नाव गाळायचं म्हणजे आपल्याच तोंडाने पोराला मेलेलं म्हणायचं. नाव घ्यायचं म्हणजे ही पोर आणखी एक वर्ष बांधून ठेवायची. हे कोणाला विचारावं, तर विचारण्यासारखा माणूस उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उद्यानाच्या फाटकावर पिशव्या तपासून घेतल्या आणि सगळे आत गेले. थोरला निलेश, त्याची बायको गंधाली, त्यांची ऋतिका, श्वेता आणि सगळ्यांच्या मागून नलिनीबाई. सायकली भाड्याने घेतलेली पोरं ओरडत जात होती. करंजाखाली चटई अंथरली. डबे उघडले, आणि मग सगळे निलेशकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघताय? मला येत नाही ते," निलेश म्हणाला. "मोबाईलवर मिळेल. लावू?"

"व्हय तर. मगे देव पण मोबाईलवरूनच तुका संभाळतलो," नलिनीबाई म्हणाल्या.

ऋतिका हसली. "बाबांना मालवणी फक्त जेवताना येते."

"गप गं. आई, तूच म्हण ना."

"बायका घालतात काय गाऱ्हाणं? गावात ऐकलंस कधी?"

"इथे कुठे गाव आहे? कोण बघतंय, ती माकडं?"

नलिनीबाईंनी पदर खांद्यावरून पुढे घेतला. पानावर आंबोळीचा तुकडा ठेवला, वर थोडं सांबारं घातलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा. आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या घरचा माणूस औंदा गेला. ता आता मागूक येवचा नाय. म्हणान मी मागतंय. चुकला-माकला तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

"निलेश, गंधाली आणि तेंचा चेडू ऋतिका. तेंका सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

पुढची जोडी यायची होती. निलेशने मान खाली घातली. श्वेता पानाकडे बघत होती.

"श्वेता," नलिनीबाई म्हणाल्या आणि थांबल्या. एकट्या नावामागे केवढी जागा रिकामी राहिली, ते सगळ्यांना कळलं. "ही माझी लेक आसा. सून म्हणान इली, लेक म्हणान ऱ्हवली. ती जंय जायत थंय तिच्या वांगडा ऱ्हव. तिना आजपर्यंत जो शब्द दिलो, तो मी तुझ्याकडसून मागे घेतंय. तेचो दोष तिका लावू नको. लावचो तर माका लाव."

"व्हय म्हाराजा," निलेश आणि गंधाली म्हणाले. ऋतिका मागाहून म्हणाली. श्वेताने ओठ घट्ट मिटले होते.

नलिनीबाईंचे हात अजून जोडलेलेच होते.

"आणि सुबोध. आमी तेका सहा वर्सा मागत ऱ्हवलो. आता मागनव नाय. दर्यात आसात तर दर्यात, तेका तुझ्या स्वाधीन केलो."

होकार आला नाही. वरून एक पोपटांचा थवा कलकलाट करत गेला. नलिनीबाईंना स्वतः म्हणता येत नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. जोडलेले हात त्यांनी सोडले नाहीत.

"व्हय म्हाराजा," श्वेता म्हणाली. एकटीच, अगदी हळू.

मग ती उठली आणि सासूला धरून तिने चटईवर बसवलं. निलेश नदीपर्यंत चालत गेला आणि तोंड धुऊन परत आला.

जेवताना ऋतिकाने विचारलं, "पुढच्या वर्षी श्वेताकाकू येणार ना?"

"येईल ना," नलिनीबाई म्हणाल्या. "लेक माहेरी येते तशी. आंबोळ्या मात्र तिनं करायच्या. माझ्याच्यानं आता होत नाहीत."

निघताना पानावरचा घास त्यांनी उचलून डब्यात ठेवला. झाकण लावायला जोर पुरेना, तेव्हा श्वेताने डबा त्यांच्या हातातून घेतला.