आईचे दिवे आणि कमी पडलेल्या पिना

आईला ऐकू येणं कमी झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी दिव्यांची पट्टी बसवली. फाटकाची बेल वाजली की पहिला दिवा, मागचं दार उघडलं की दुसरा, गिझर चालू राहिला की तिसरा. मोपाच्या विमानतळावर मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. एवढं जमायलाच हवं होतं, आणि जमलं. मग मला हाव सुटली. टाकी भरल्याचा दिवा हवा, विहिरीवरचा पंप चालू असल्याचा हवा. पण माझ्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर सहाच पिना मोकळ्या होत्या. तीन खबर आत घ्यायला, तीन दिवे पेटवायला. सगळ्या संपल्या.

म्हणून एक्सपांडर चिप मागवली. बोर्डाचे निरोप तिच्याकडे त्यासाठीच राखून ठेवलेल्या दोन तारांवरून जातात आणि ती आठ नव्या पिना देते. प्रत्येक चिपला एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर हाक मारली की ती ओ देते. रविवारी सकाळी जोडली, हाक मारली. गप्प.

तारा बदलल्या. सोल्डर पुन्हा मारलं. पुढच्या रविवारी फोंड्याहून दुसरी चिप आणली, तीही गप्प. आई शेजारी बसून तांदूळ निवडत होती.

"झाला काय गो?" तिने तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी ओरडले, "नाही झालं! सारखं विचारून होणार आहे का?"

तिने सूप खाली ठेवलं. "बोब कित्याक मारतंस? ऐकाक येना नाय, पण तुजा तोंड दिसता माका."

मी उठून परसात गेले. लाज वाटत होती, तरी राग उतरेना. परत येऊन भिंगातून चिपवरचा नंबर वाचला. शेवटी एक बारीक 'ए' होता, दोन्ही चिपांवर. त्या 'ए'वाल्या चिपचा पत्ताच वेगळा असतो. दोन रविवार मी भलत्याच दारात हाका मारत होते.

पत्ता बदलला तशी चिपने ओ दिली, पण नवे दिवे काजव्याएवढे मिणमिणले. ही चिप करंट आत ओढू शकते, बाहेर ढकलायला तिच्यात जोर नसतो. हे मला ठाऊक असायला हवं होतं. दिवे उलटे जोडले, प्रोग्रामही उलटा केला. संध्याकाळी कुठे पाचही दिवे नीट लागले.

आईने बघितलं. "ह्यो पंपाचो दिवो कित्याक? पंप लागलो की लादी थरथरता. पायांक कळता माका."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कधी? त्यापेक्षा पोदेराचो दिवो कर. भोंपू वाजवून तो जाता, माका कळना नाय. पाव खाऊन आठ दीस झाले."

आता पिना भरपूर मोकळ्या आहेत. पण पाव विकणारा हा पोदेर फाटकापर्यंत येतच नाही, तिठ्यावर सायकल उभी करून भोंपू वाजवतो आणि निघतो. मी तिठ्याकडच्या खिडकीत माइक लावून पाहिला. कुठल्याही स्कूटरच्या हॉर्नला दिवा लागतो, आई पिशवी घेऊन लगबगीने बाहेर जाते आणि तशीच परत येते. काल तिने त्या दिव्यावर चिकटपट्टी लावून टाकली.