दहा चिंचोके

माझं शिक्षण म्हणजे आकडे. रिक्षाचं मीटर आन घड्याळ वाचता येतं, त्यापुढं शाळेनं मला घेतलं न्हाई आन मी शाळेला. तरी आठ महिने मी डॉक्टरच्या संशोधनात होतो. खोटं वाटंल, पण पुढं ऐका. सगळी घाण मीच केलेली हाय.

डॉक्टर म्हणजे आमच्या म्याडम. पोटुशा बाईचं बीपी वाढलं की आतल्या बाळाला रक्त कमी पडतं. ते हालचाल कमी करतं आन मग दगावतं. हे घरच्या घरी आधी ओळखता येईल का, एवढंच त्या शोधत होत्या. हडपसरपासून मांजरीपर्यंत बायकांना त्यांनी दोन-दोन वाट्या आन दहा-दहा चिंचोके दिले. दुपारी जेवून डाव्या कुशीवर पडायचं. बाळानं लाथ मारली की एक चिंचोका ह्या वाटीतनं त्या वाटीत. दोन तासांत दहा गेले पायजेत. संध्याकाळी मी रिक्षानं घरोघरी जाऊन आकडा वहीत, ज्या-त्या बाईच्या नंबराच्या पानावर मांडायचो. कमी भरले तर तिथूनच म्याडमना फोन. नियम एकच, म्हणून ध्यानात राहिला. पाळला न्हाई, ती गोष्ट येगळी.

झालं असं, की लई घरांत वाट्या तशाच पडलेल्या असायच्या. कुणाकडं पाव्हणे आलेले, कुणाची सासू म्हणायची पोटातलं मोजू नये, दृष्ट लागते. आता म्याडमना सांगा, उद्या परत या, कोण करतंय? मी आपला दहा चिंचोके हातानं पलीकडं सारायचो आन म्हणायचो, "घ्या, पोरगं पळत सुटलंय." बायका हसायच्या, चहा यायचा. मला वाटायचं, मी लई लाडका.

एका घरची सून पहिलटकरीण होती, एकोणीस-वीसची. ती मात्र रोज मन लावून मोजायची. एक दिवस सासू आत चहा ठेवायला गेल्यावर ती हळूच बोलली, "काका, आज सहाच झाले. दोन तास पडून होते."

माझा हात फोनकडं जायला पायजे होता. त्याच्या आधी तोंड गेलं. "माझ्यावर गेलंय," म्हणलं, "दुपारचं झोपतंय. माझ्या आईनं मोजले असते तर एक पण भरला नसता."

ती हसली. म्हातारा माणूस बोलला म्हणून, मान ठेवायला हसली. उरलेले चार मी सारले, वहीत दहा लिहिले आन चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून पडलं, तर त्यावर पण एक इनोद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती नवऱ्याच्या गाडीवर बसून दवाखान्यात गेली. माझ्या इनोदावर तिचा भरवसा नव्हता, ही देवाची कृपा. बीपी चढलेलं होतं. लगेच सिझर केलं. मुलगी झाली, मूठभर. काचेच्या पेटीत ठेवली. चार दिवसांनी लहान बाळांचे डॉक्टर म्हणाले, जगंल.

पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. सासूनं पेढे पुढं केले. म्हणाली, तुम्ही रोज येऊन इचारत होता, तुमचीच पुण्याई. मी पेढा घेतला. आग्रह केला तर दुसरा पण घेतला. सून खाटेवरनं बघत होती. तिनं घरात काही सांगितलं नव्हतं.

तसाच म्याडमच्या खोलीत गेलो. पुढं माझी वही उघडी होती. त्या चष्म्यावरनं बघून म्हणाल्या, "आदल्या संध्याकाळी दहा पूर्ण, आणि सकाळी बाळाची ही अवस्था. म्हणजे चिंचोक्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. बंद करावं लागेल हे."

पेढा अजून दाताला चिकटलेला होता. गप बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण बाकीच्या बायकांच्या वाट्या गेल्या असत्या, त्या पण माझ्यापायी.

"सहा होते म्याडम," म्हणलं. "चार माझे."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. असं अजून कुठं कुठं केलं, इचारलं. मी म्हणलं, आठवत न्हाई.

"तुम्ही फार विनोदी आहात म्हणे. मलाही एखादा सांगा की."

मी वही पहिल्या पानावर उलटून त्यांच्यापुढं सरकवली.

त्यांनी पट्टी घेतली आन पानावर पान काट मारत गेल्या. आठ महिन्यांचं काम होतं, येळ लागला. मी उभाच. त्या सुनेच्या पानावर आल्यावर वही माझ्याकडं फिरवली, पेन दिला. "हे तुम्हीच दुरुस्त करा." दहा खोडून मी सहा लिहिला. आकडे तेवढे येतात म्हणत होतो ना, तो पण नीट निघंना. खाली त्यांनी सही केली.

आता वही एका नर्सकडं हाय. तिला घेऊन मी नुसती रिक्षा चालवतो आन दारात थांबतो. आतनं बायका हाक मारतात, काका, चहा घ्या की. मी म्हणतो, दिवसभराचं ऊन लागलंय, नको. काट न मारलेलं माझं त्या वहीत एकच पान हाय. त्यावरचा सहा जरा वाकडा हाय, पण खरा हाय.