भाईदासच्या बत्तीस पायऱ्या

पांडेसऱ्यातल्या त्या डाईंग मिलमध्ये भाईदास बोरसेच्या नजरेला मोठा मान होता. व्यापाऱ्याने बोटभर चिंधी नमुना म्हणून पाठवावी आणि भाईदासने ती डोळ्यांपुढे धरून सांगावं, यात निळा अंमळ जास्त आहे, पिवळा वाढवा. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. शिंदखेड्याकडून तो सुरतेला आला त्याला चौदा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मिलमध्ये तीन मॅनेजर बदलले, पण नमुन्यांच्या खोलीतलं भाईदासचं स्टूल कोणी हलवलं नाही.

त्याच्या नजरेइतकेच त्याचे पायही कामाचे होते, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ट्यूबलाईटच्या उजेडात दोन कापडं सारखी दिसतात आणि उन्हात नेली की सावत्र निघतात, म्हणून भाईदास प्रत्येक लॉटचा तुकडा सुकवून गच्चीवर न्यायचा. पाण्याच्या टाकीच्या उत्तर बाजूला उभा राहून नमुन्याशी ताडून पाहायचा आणि मगच हो म्हणायचा. गच्चीला बत्तीस पायऱ्या होत्या. एका लॉटला तीन खेपा, दिवसाचे पाच-सहा लॉट. नव्या माणसाला तो पहिल्या दिवशीच बजावायचा की ट्यूबलाईट खोटारडी असते, तिच्या तोंडावर जाऊ नकोस.

मालक ठाकोरभाई शेठ वाईट माणूस नव्हता, पण गैरहजेरीचा त्याला भारी तिटकारा. वर्षभर एकही खाडा न करणाऱ्याला दिवाळीला स्टीलचं भांडं मिळायचं. भाईदासच्या गोडादऱ्याच्या घरात फळीवर अशी चौदा भांडी ओळीने मांडली होती. त्यातलं एक मलेरिया अंगावर काढला त्या सालचं, एक पाय मुरगळला त्या सालचं. प्लेगच्या साली मिलच बंद पडली होती, म्हणून ते भांडं फुकटचं, असं तो हसून सांगायचा. त्याची बायको सुंदरा ती रोज पुसायची, वापरायची मात्र कधीच नाही. भांड्यांचा हा कायदा उघड होता. दुसरा कायदा कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना पाठ होता. तीन दिवस घरी राहिलात तर चौथ्या दिवशी तुमच्या जागेवर दुसरा. म्हणून सगळे ताप, खोकला, जुलाब बरोबर घेऊनच कामावर यायचे आणि एकमेकांना वाटून परत न्यायचे.

शहाण्णव सालच्या भाद्रपदात गोडादऱ्याच्या नळाला गढूळ पाणी येऊ लागलं. भाईदासची भूक मेली, मळमळू लागलं, अंगात जीव राहिना. त्या आठवड्यात मिलमध्ये हळदीच्या रंगाचे लॉट चालू होते. सगळ्यांचेच हात पिवळे, नखं पिवळी. भाईदासही पिवळा झाला, पण रंगाऱ्याच्या पिवळेपणाकडे बघतं कोण? सुंदराने सोडा लावून त्याचे हात घासले. दोनदा घासले, रंग काही जाईना. तेव्हा तिने त्याला दारात उजेडाला आणलं आणि पापणी खाली ओढून पाहिली. डोळाही पिवळा होता.

"हाऊ रंग नही शे," ती म्हणाली. "तुम्हना डोयासमा कोनी रंग टाका?"

डॉक्टरकडे चला म्हणून ती मागे लागली. तो जाईना, कारण डॉक्टर महिनाभर झोपायला सांगणार हे त्याला ठाऊक होतं. दिवाळीनंतर बघू म्हणाला. दिवाळीपर्यंत थांबायला कावीळ काही पाहुणी नव्हती, पण माणूस भ्याला की त्याचं डोकं चालेनासं होतं. शेवटी सुंदराने ओळखीच्या म्हाताऱ्याकडून काविळीची माळ आणली. झाडाच्या मुळांच्या तुकड्यांची ही माळ आधी टाळूवर बसते, मग रोज सैल होत गळ्यात उतरते, आणि माळ खाली उतरली की कावीळ उतरली असा आपल्याकडचा समज. ती लपवायला भाईदास टोपी घालून कामावर जाऊ लागला. नवरदेव झालास का, म्हणून सोबत्यांनी चिडवलं. वाफेने केस गळतात, असं त्याने ठोकून दिलं.

त्याच दिवसांत लग्नाच्या साड्यांचा मेंदी रंगाचा सात हजार मीटरचा लॉट आला. कापड रंगवायच्या जेट मशीनवर पोपट होता, पारोळ्याकडचा, दोन लेकरांचा बाप. त्याने पहिला तुकडा आणून दिला, भाईदास गच्चीवर जाऊन आला. दुसऱ्यालाही गेला, कठड्याला धरून. तिसऱ्या खेपेला नवव्या पायरीवर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो तिथेच बसला. वरचा उजेड तिथून दिसत होता, पण अजून तेवीस पायऱ्या होत्या. तो उठला आणि खाली उतरला. ट्यूबलाईटखाली तुकडा धरला आणि पोपटला हो म्हणाला.

पाच दिवसांनी माल परत आला. रिंग रोडच्या व्यापाऱ्याने दुकानाच्या दारात, उन्हात कापडाचे ताके उलगडले, तर त्यातले काही मेंदीचे आणि काही शेवाळाचे. आता सगळं कापड पुन्हा रंगवायचं म्हणजे पुन्हा वाफ, पुन्हा रंग, पुन्हा मजुरी, शिवाय लग्नसराईचं गिऱ्हाईक हातचं गेलं. मॅनेजरने सगळ्यांना मशीनपाशी गोळा केलं, शेठही येऊन उभा राहिला. भाईदासची नजर चुकणं शक्य नाही, तेव्हा मशीनची उष्णता कमी पडली असणार, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. पोपटला सांगितलं, संध्याकाळी हिसाब घेऊन जा, उद्यापासून येऊ नकोस.

पोपटने मान खाली घातली. भाईदास गप्प राहिला असता तर स्टूलही राहिलं असतं आणि पंधरावं भांडंही आलं असतं. क्षणभर त्याने तसा विचार केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग पोपट खोकला, आणि त्या खोकल्याला फाटक्या कापडासारखा आवाज होता. हा खोकला आपण महिनाभर ऐकतो आहोत, हे भाईदासला आठवलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने शेठला सांगितलं की पोपटने रंग नीट शिजवला होता. चूक माझी. तिसऱ्या तुकड्याला मी गच्चीवर गेलोच नाही.

"क्यूं नहीं गया?" शेठने विचारलं.

भाईदासने टोपी काढली. सैल झालेली माळ कानांवरून घसरून गळ्यात पडली. कोणी हसलं नाही. शेठ सुरतचाच, त्याला ती माळ ओळखू आली. त्याने जवळ येऊन भाईदासचे डोळे पाहिले.

"पहले बोला क्यूं नहीं?"

"बोलता तो स्टूल जाता, शेठ."

शेठ परत आलेल्या ताक्यांकडे बघत राहिला. एका माणसाला महिनाभर घरी बसवून पगार दिला असता, तरी या ढिगाच्या कोपऱ्याएवढाही खर्च आला नसता. हे कळायला त्याला वही लागली नाही. मग त्याने खात्यातल्या एकतीस जणांकडे नजर फिरवली आणि विचारलं, आज ताप-खोकला घेऊन किती जण आलेत? हात वर करा, कोणाची जागा जाणार नाही.

एकही हात वर गेला नाही. विश्वास ठेवणार कोण?  मग पोपटने हात उचलला, त्याच्यामागे बॉयलरवरच्या बळीरामने, मग आणखी कोणी. हळदी, निळे, लाल हात वर जात राहिले. शेठने ओठांत मोजले, चौदा. त्याने पुन्हा मोजले.

भाईदासला रिक्षात घालून घरी पाठवलं. डॉक्टरने महिना सांगितला. तो अंथरुणावर पडला आणि दिवस मोजू लागला, कारण शेठचा शब्द एकीकडे आणि चौदा वर्षांची सवय दुसरीकडे. चौथ्या दिवशी भरदुपारी पोपट दारात उभा राहिला. कामाच्या वेळी आलेला माणूस काय बातमी आणणार, हे भाईदासने ओळखलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि तसंच विचारलं,

"मना स्टूलवर कोन बसनं?"

"कोनी नही, दादा. शेठनी रिकामं ठेयेल शे." पोपट उंबऱ्यावर टेकला. "मी सकायमा सांगी टाकं, अंगमा ताप शे. शेठ बोलना, घर जाय."

भाईदास पोपटकडे वळला. त्याच्या पिवळ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही. सुंदराने फळीवरच्या भांड्यांतला सगळ्यात मोठा डबा खाली काढला, विसळला आणि दोघा आजाऱ्यांसाठी उकळून गार केलेलं पाणी त्यात भरून ठेवलं.