चिंचेनं घासलेली पट्टी

२०२४ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, पण मान कुणापुढं खाली घातली न्हाई.

सून तेव्हा किकवी गावाजवळ, हायवेलगतच्या एका शेडमधी नवीन लागली होती. तांब्याच्या पट्ट्यांवर टंगस्टन नावाच्या धातूचा लेप मारायचं काम. ती म्हणाली, "मामा, सूर्यासारखी आग कोंडायचं भांडं बनवत्यात. त्याच्या आतल्या अंगाला ह्या पट्ट्या बसणार."

"म्हंजे कल्हईच की!"

"तसं न्हाई हो..."

"कल्हईच!" पुढं मी ऐकलंच न्हाई. गावभर सांगत सुटलो.

एका संध्याकाळी तिनं नमुन्याची पट्टी घरी आणली. सकाळच्या एसटीनं पुण्याला तपासायला न्यायची होती. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली न् ती धार काढायला गोठ्यात गेली. परत येते तर आमच्या म्हातारीनं पट्टी मोरीत चिंच-राखेनं घासलेली. कडेचं तांबं लख्ख चमकत होतं.

"अगं, कल्हई अशी काळपट असती का? म्हटलं, लोक पोरीला नावं ठेवतील."

सून पांढरीफटक पडली. "आत्या, हिला उघडा हातबी लावायचा नसतो. लेपाला बारीक भोकं असत्यात. आंबट आत मुरलं असंल. उद्या ज्वाळेखाली तापवून बघणार, लेप सुटतो का. सुटला तर माझ्या हातच्या सगळ्या पट्ट्या भंगारात, न् मी घरी."

"मग सांगून टाक," मी म्हणालो.

"सांगितलं तर म्हणतील, घरी उघड्यावर ठेवलीच कशी?"

"पुसून गुंडाळ परत. कुणाला कळतंय?" म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडं वळली, "तुमीच कल्हई-कल्हई करत हुता ना! आता बोला की."

बिबट्या फिरत असताना उसाला पाणी धरलंय म्या, पण त्या संध्याकाळी भाकरी तशीच ताटात ठेवून उठलो. ती एवढीशी पट्टी, न् तिच्याकडं बघायची छाती होईना. सून चुलीपुढं बसलेली. तिच्या जन्माची पहिली नोकरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, तिला पुण्याच्या एसटीत चढू दिलं न्हाई, न् तिच्या पुढं चालत शेडवर गेलो. मालकाच्या टेबलावर पट्टी ठेवली न् म्हणालो, "ही आमच्या घरात घासली गेली. कल्हई म्हणून मीच सांगितलं हुतं. पोरीला दुसरी करू द्या."