उलटी चढलेली फोर्ड

जवळा बाजारच्या युसूफ मिस्त्रीला स्वतःच्या मेहुण्यांची नावं विचारली तर तो अडखळायचा. मोटारींचं खानदान विचारा, मग बघा! ऑस्टिन, मॉरिस, फोर्ड, कोणाची कोणती गाडी कोणत्या साली निघाली, सगळं तोंडपाठ. फोर्डसाहेबाबद्दल तर असं बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस औंढ्याला राहतो आणि दर सोमवारी मिस्त्रीकडे चहाला येतो.

रामकिशन शेठच्या कापसाच्या बंद जिनिंगात, बारदानामागे, १९२४ची फोर्ड टी पडून होती. शेठच्या आजोबांनी निजामाच्या काळात आणलेली. हिंगोली जिल्हा होऊन वर्ष झालं आणि शेठनं ती भंगारात काढली. मिस्त्री धावत गेला.

"शेठ, कापू नका. मला द्या."

"बाजाराच्या दिवशी भंगारवाला येऊन राहिला. त्याच्या आधी आपल्या पायानं सडकेवर चढली तर तुझी. ढकलायचं न्हाई, ओढायचं न्हाई."

जिनिंग खोलगट, सडक उंच, मधला चढ छातीवर येणारा. मिस्त्री आठ दिवस गाडीखालीच जेवला. बायको, जैनबबी, डबा सरकवत म्हणायची, "निकाहात माझ्याकडं इतकं बघितलं न्हवतं जी तुमी."

"तुझं इंजिन कधी बंद पडलं?" खालून उत्तर.

बाजाराच्या दिवशी तिसऱ्या हँडलला गाडी फटफटली आणि अर्धा बाजार भाजी टाकून जिनिंगात आला. गाडी जोरात निघाली, अर्धा चढ चढली, खोकली, बंद. उतारावरून परत खाली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. भंगारवाला विडी विझवून उठला.

मिस्त्री मटकन खाली बसला. त्याचा दोस्त भीमराज, एसटीचा ड्रायव्हर, म्हणाला, "सरक, मी बाजूला लावतो." त्यानं गाडी सुरू करून वळवली. आता पाठ चढाकडे, तोंड भिंतीकडे. भिंत जवळ आली तसा भीमराजनं सवयीनं मधल्या पेडलवर पाय दिला. एसटीत तिथं ब्रेक असतो. फोर्ड टीत तिथं रिव्हर्स!

गाडी मागं निघाली. भीमराजनं ब्रेक आणखी दाबला. गाडी आणखी मागं!

"मिस्त्री, ब्रेक लागून न्हाई राहिला!"

गाडी पाठीनं चढ चढत होती. अर्धा चढ आला, आणि खोकली नाही! मिस्त्री ताडकन उभा राहिला. पेट्रोलची टाकी सीटखाली, पंप नाही, पेट्रोल आपलं वाहत इंजिनात जाणार. नाक वर केलं की टाकी खाली राहते, इंजिन उपाशी. पाठ वर केली की टाकी वर!

"भीम्या, दाब! आणखी दाब!"

"दाबूनच तर मरून राहिलो!"

पोरं, बाया, मिरचीवाला, भंगारवालासुद्धा ओरडत मागं धावले. आणि फोर्ड टी, शेपटीकडून का होईना, सडकेवर आली. थांबली कशी, ते भीमराजला आजही सांगता येत नाही.

शेठ कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "उलटी चढली की रे!"

"तोंड कोणीकडं पाहिजे, ते तुमी कुठं बोलले, शेठ?"

शेठ हसले, "जा, तुझी झाली," म्हणाले आणि थाटात मागच्या सीटवर बसले. "चल, घरी सोड. आजोबांची गाडी हाय."

"बराबर. पण तुमच्या घराचा चढ येईल तवा गाडी वळवावी लागंल," मिस्त्री टोपी सरळ करत म्हणाला. "वरात पाठीकडून येईल. घरी सांगून ठेवा."