गुडघ्यावरचा ठेका

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील समस्त तबलजी, पेटीवाले आणि पहिल्या रांगेत बसून भलत्या जागी मान हलवणारे रसिक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वसंताने आपली तबल्याची शिकवणी कायमची बंद केली आहे. तक्रारीसाठी त्याने पत्ता ठेवलेला नाही.

ही घोषणा त्याला आवडली असती. त्याला जाऊन महिना उलटून गेला... सुमनवहिनींची, म्हणजे त्याच्या बायकोची, तार आली तेव्हा मी सांगलीत पेटीच्या भात्याला ठिगळ लावत होतो. त्याआधी दिवाळीत साताऱ्याला गेलो होतो. वसंता अंगणात बसला होता. मी शेजारी बसलो, त्याच्या गुडघ्याला गुडघा लावला आणि हळूच तीनताल सुरू केला. त्याने पाय काढून घेतला.

त्या गुडघ्याची हकीकत सांगायला हवी. औंधजवळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. भाऊ फौजेत गेले, हा तबल्यात. चाळिशीत त्याचे कान गेले. ठाऊक फक्त वहिनींना आणि मला. तबला लावताना मी समोर बसायचो. स्वर उतरला की माझी डावी भुवई वर, चढला की उजवी. नेमका लागला की मी सवयीने ‘वा’ म्हणायचो, त्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. मैफलीत मी पेटीवर साथ धरायचो आणि गुडघ्याने त्याच्या गुडघ्यावर ठेका द्यायचो. समेला जरा जोरात दाबायचो. शिष्य म्हणायचे, सर डोळ्यांनी ऐकतात. बिचारे स्तुती करत होते.

अशात सांगलीच्या हौशी मंडळींनी घाट घातला, देशोदेशीचे तालवादक एका मंचावर आणायचे. दक्षिणेतले मृदंगाचे बुवा, एक जपानी ढोलवादक, पिंपाएवढा ढोल घेऊन आलेला आफ्रिकेतला एक धिप्पाड गडी, आणि तबल्याला आपला वसंता. साथीला अर्थात मी आणि माझा गुडघा.

“आवं, सांगून टाका की त्यास्नी,” वहिनी म्हणाल्या. “खात्यात व्हय तुमाला?”

वसंता वहिनींच्या ओठांकडे बघत होता. “सांगितलं की संपलं. मग लोक कीव करतील, ऐकणार न्हाईत. ह्या एका बारीला मला नुसता तबलजी म्हणून बसू दे.”

एवढंच मागणं होतं त्याचं.

आणि तो बसला. सवाल-जवाब सुरू झाले. आफ्रिकेच्या गड्याने ढोलावर एक तुकडा टाकला. वसंताने त्याच्या हातांवर नजर रोखली आणि तोच तुकडा अंगठीसारखा घडवून परत दिला. जपान्याला दिला, बुवांना दिला. लोक वेडे झाले. मी गुडघ्याने ठेका देत मनातल्या मनात देवांची नावं घेत होतो, आठवतील तेवढ्यांची.

शेवटी सगळे एकदम वाजवू लागले आणि मंचाच्या फळ्या थरथरल्या. पिंपाएवढा तो ढोल फळ्यांतून वसंताच्या हाडांत शिरला असावा. त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. आणि मग त्याने ते मिटून घेतले. नको, मिटू नको रे, हे मी कुणाला सांगणार?

सम आली. मी गुडघा दाबला. सगळे थांबले, फळ्याही थांबल्या. वसंताने माझा गुडघा बाजूला ढकलला आणि वाजवतच राहिला. एकटा. असा तबला मी आयुष्यात ऐकला नाही, पुन्हा ऐकणार नाही. बुवांनी हात जोडले. नेमक्या समेवर येऊन तो थांबला, आणि टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं. पण टाळ्यांनी फळ्या हलत नाहीत, वसंताने घाम पुसायला पंचा तोंडावर घेतला होता, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

पंचा खाली आला तेव्हा टाळ्या सरल्या होत्या. निवेदक बोलायला उठत होते. दिव्यांचा झोत वसंताच्या डोळ्यांवर, पुढे नुसता अंधार. फळी हलत नव्हती. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी पाहिला. त्यानंतर त्याने तबल्याला हात लावला नाही. लोक त्याच्या कानाशी येऊन ओरडून बोलू लागले, अगदी प्रेमाने, आणि तो घराबाहेर पडेनासा झाला... कारण त्या शांततेत तो माझ्याकडे झुकला आणि आपण कुजबुजतोय अशा समजुतीने, समोर माईक चालू असताना, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“गड्या, एक तरी टाळी पडली का रं?”