हिरव्या तारखा आणि मागच्या तीन सीटा

टूरचं ऑफिस चालवलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. माणूस फिरून येतो, बॅग घरात टाकतो आणि हातपाय धुवायच्या आधी आमच्याकडे येतो. कधी भांडायला, कधी सांगायला, बहुतेक वेळा दोन्हीला! अकरा वर्षं मी इथं खुर्चीवर बसून ऐकतेय. आता साठा इतका झालाय की थोडा बाहेर काढलेला बरा.

ऑफिस म्हणजे यवतमाळच्या बस स्टँडमागे एक गाळा. माणसं तीन. मालक प्रल्हादभाऊ राठोड, ड्रायव्हर वानखडेकाका, आणि फोन, फॉर्म, सीटचा चार्ट सांभाळणारी मी. टूर खास एकच. हैदराबादकडचा मोठा थीम पार्क, दोन दिवस, पस्तीस सीटा.

पार्क कोणीही दाखवेल. भाऊंची खरी करामत म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. त्यात आपल्या शाळांच्या सुट्ट्या, तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या, परीक्षा, लग्नाच्या तिथी, सगळं भरलेलं. लाल तारीख म्हणजे घरी बसा. पिवळी म्हणजे जा, पण आल्यावर तोंड वाजवू नका. हिरवी म्हणजे पळा! सगळ्यात हिरवा जूनचा शेवटचा आठवडा. बाकी सगळीकडच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. आपल्याकडे ऊन इतकं की विदर्भाची पोरं आणखी काही दिवस घरीच. भाऊ म्हणतात, "उन्हाले शिव्या नका देऊ. थे आपल्याले मोकळा पार्क देऊन राह्यलं!"

आता एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. अख्ख्या जिल्ह्याला पार्क दाखवणाऱ्या या माणसाच्या पोरीनं, पल्लवीनं, तो पार्क पाहिलेला नव्हता. दुसरीत होती तेव्हापासून "यंदा नक्की" चाललं होतं. यंदा तिची नववी संपली. दहावीच्या क्लासवाल्यांनी जूनचा तेवढा शेवटचा आठवडा सोडला होता, त्यानंतर थेट बोर्ड. म्हणजे यंदा नाही तर नाहीच.

*

हिरव्या तारखेचा नियम एकच, कोणाला सांगायची नाही. घाटंजीच्या एका गुरुजींना भाऊंनी डिसेंबरातला एक मंगळवार दिला. "गुरुजी, तुमच्यापुरतंच ठेवा बरं."

गुरुजींनी ते स्टाफरूमपुरतंच ठेवलं. स्टाफरूमनं तालुक्यापुरतं ठेवलं. शाळेत त्यांनी तापाचा अर्ज दिला आणि बायकापोरांसह पार्कात पोचले. तिकिटाच्या लायनीत पुढच्या माणसाची टोपी ओळखीची वाटली. माणूस वळला. हेडमास्तर! जिल्ह्याला मीटिंग आहे म्हणून सांगून आलेले.

हेडमास्तर म्हणाले, "ताप कसा हाये मंग?"

"उतरला सर. मीटिंग कशी चालू हाये?"

"लायन मोठी हाये, पन सरकून राह्यली."

त्या दिवसापासून त्या शाळेत गुरुजींचा रजेचा अर्ज कधी अडला नाही.

*

पण गर्दी फार कमी असूनही चालत नाही. घाटंजी रोडवर काळी-पिवळी चालवणारे एक गजाननभाऊ होते. आयुष्य जीपमध्ये माणसं कोंबण्यात गेलेलं. ते म्हणाले, "मले अशी तारीख द्या की मानूसच दिसला नाई पाह्यजे." भाऊंनी ऐन परीक्षेतला बुधवार दिला. त्यांची पोरं लहान, शाळा नव्हती.

पार्क रिकामा. चौघं मोठ्या झोक्यावर जाऊन बसले. झोका हलेना. ऑपरेटर म्हणाला, कमीत कमी बारा माणसं झाल्याशिवाय चालू होत नाही. वीस मिनिटं गेली. पोरगं रडायला लागलं. गजाननभाऊ उठले, वाटेवर जाऊन उभे राहिले आणि हात वर करून सुरू झाले, "चला चला चला! आठ सीट बाकी! बसा की निघालो! ओ मावशी, थोडं सरकून घ्या!"

पाच मिनिटांत झोका फुल्ल. दोन माणसं कडेला लटकायला तयार होती, त्यांना ऑपरेटरनं उतरवलं.

परत आल्यावर भाऊंनी विचारलं, "कसं वाटलं?"

"पार्क बेस हाये. पन दिवसभर धंदाच करून आलो ना भाऊ!"

*

आमच्या दाराच्या चौकटीवर पेनाच्या रेघा आहेत. पार्कात उंचीचं फार असतं. ठरावीक उंचीच्या खाली अर्धं तिकीट, आणि मोठ्या पाळण्यात बसायला ठरावीक उंचीच्या वर असावं लागतं. म्हणून बुकिंगला आलेलं पोरगं आम्ही इथंच मोजतो.

लोहाऱ्याच्या एक बाई. नवरा एमआयडीसीत कामाला, त्याला शनिवार-रविवार जोडून रजा मिळाली होती. मुलगा अगदी रेघेवर. तिकीटखिडकीशी बाई त्याच्या कानात म्हणाल्या, "गुडघे वाकव." अर्धं तिकीट मिळालं. दुपारी मोठ्या पाळण्यापाशी म्हणाल्या, "टाचा उचल." नेमका गार्ड तोच, सकाळचा. त्यानं पट्टी लावली, पोराकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

पोरगं वैतागून म्हणालं, "मम्मी, एकदा सांग ना, मी लहान हावो का मोठा?"

गार्ड हसला आणि आत सोडलं. त्याच चौकटीवर पल्लवीच्याही रेघा आहेत. दरवर्षी एक. पाळण्याची उंची तिनं पाचवीतच गाठली होती.

*

आता चार्टबद्दल. तोंडी बुकिंग मी पेन्सिलीनं लिहिते. पक्कं झालं की पेनानं. पेनानं लिहिलेलं नाव मालकानंही खोडायचं नाही, हा नियम खुद्द भाऊंचा. तो झाला उमरखेडच्या एका किराणावाल्यांमुळे.

त्यांचं नाव पेनानं लिहिलेलं असताना भाऊंनी कोणा पुढाऱ्याच्या भाच्याला त्या सीटा देऊन टाकल्या. किराणावाले बायको, आई, तीन पोरं आणि पुऱ्यांचा डबा घेऊन पोचले. गाडी गेलेली. त्यांनी आरडाओरड केली नाही. ऑफिसात सतरंजी अंथरली, डबा उघडला आणि आजीबाई भाऊंना म्हणाल्या, "बसा ना तुमीबी. आमी इथंच सुट्टी काढनार हावो."

आणि काढली! दिवसभर. पोरं माझ्या टेबलाखाली लपंडाव खेळली. येणाऱ्या गिऱ्हाइकाला आजीबाई स्वतः सांगायच्या, "या, या, हाच पार्क हाये." संध्याकाळी भाऊंनी हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीनं त्यांना नेऊन आणलं. परत आल्या आल्या त्यांनी चार्टवर वरच लिहिलं, "पेन म्हणजे पेन."

पण पेन्सिलीचं काय? जूनच्या हिरव्या आठवड्याच्या चार्टवर भाऊ दर एप्रिलमध्ये मागच्या तीन सीटांवर पेन्सिलीनं लिहायचे, बायको, पल्लवी आणि ते स्वतः. मे संपता संपता कोणी तरी यायचं, "भाऊ, तीनच पाह्यजे, नाई नका म्हनू." भाऊ खोडरबर घ्यायचे. "गिऱ्हाईक पह्यले. घरचे कुठं जाते?" त्या तीन चौकोनांचा कागद दरवर्षी खोडून खोडून पातळ व्हायचा. मला त्याचा राग यायचा आणि मी तो एकदोनदा बोलूनही दाखवला. भाऊ नुसतं, "पुढच्या साली, ताई," म्हणायचे.

*

जूनच्या त्या आठवड्याला एकच शत्रू, पेरणी. भाऊंच्याच बंजारा तांड्यावरची मंडळी एकदा गाडी भरून निघाली. पुरुष आकाशाकडे बघत चढले. पांढरकवडा ओलांडलं आणि फोन वाजायला लागले. गावाकडे जमीन भिजली!

एक जण उठला, मग दुसरा. "वानखडे, गाडी फिरवा. वाफसा आला तं सरकी टाकाच लागन."

वानखडेकाकांनी गाडी कडेला घेतली. तेवढ्यात मागून भाऊंच्या काकू उभ्या राहिल्या. "गाडी कायले फिरवता? ज्याले पेरायचं हाये थो उतरन."

पंधरा पुरुष रस्त्यावर उतरले आणि एसटीची वाट पाहत थांबले. बायका-पोरं पुढं गेली. दोन दिवस त्यांनी पार्कात जे काही केलं ते वानखडेकाका अजून पूर्ण सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, "ताई, पार्कातल्या पान्यातून बाहेर निघाले तयारच नोत्या."

पुढच्या वर्षी पुरुष नव्हे, त्या स्वतःच बुकिंगला आल्या. भाऊंशी त्यांच्या गोरबोलीत बराच वेळ हसून बोलल्या. मग मला कळावं म्हणून काकू मराठीत म्हणाल्या, "पोरी, तारीख पावसाचीच दे. मानसं वाटेतच उतरते."

*

वानखडेकाका स्वतः पार्काच्या गेटपर्यंत असंख्य वेळा गेले, आत कधीच नाही. पार्किंगमधल्या लिंबाखाली पेपर वाचतात. उभ्या गाड्या पाहून आत किती गर्दी असेल हे अचूक सांगतात. एकदा एका पाहुण्याचं तिकीट उरलं, त्यानं काकांना आग्रहानं आत पाठवलं. तासाभरात काका लिंबाखाली परत.

गाडी परत आल्यावर मी विचारलं, "काहून काका, नाई आवडलं?"

"उन्हात चाळीस मिनिटं उभं राह्यलो, दोन मिनिटं बसवलं आन् उतर म्हने. आपल्या गाडीत बसल्यावर मी कोनाले असं केलं का कधी?"

*

आणि आता यंदाचं.

यंदाही एप्रिलमध्ये भाऊंनी मागच्या तीन चौकोनांत पेन्सिल फिरवली आणि मे संपता संपता खोडली, एका इंजिनिअरच्या कुटुंबासाठी. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिनिअरसाहेबांची बदली निघाली आणि सीटा मोकळ्या झाल्या. भाऊ त्या दिवशी गाडीच्या पासिंगसाठी गेले होते. मी त्यांच्या घरी फोन केला. खोटं कशाला बोलू, मुद्दाम केला.

अर्ध्या तासात पल्लवी सायकलवर आली. चौकटीला पाठ लावून उभी राहिली, जुन्या रेघांकडे बघून हसली आणि म्हणाली, "ताई, चार्ट द्या ना."

मी दिला. तिनं कंपासपेटीतून निळं पेन काढलं. तेहतीस नंबरवर आईचं नाव लिहिलं. चौतीसवर स्वतःचं, पल्लवी प्रल्हाद राठोड, बोर्डाच्या फॉर्मवर लिहितात तसं पूर्ण. मग पेन ठेवलं, माझ्या डब्यातली पेन्सिल घेतली आणि पस्तीसवर हळूच लिहिलं, प्रल्हाद राठोड.

"हे पेन्सिलीनं काहून गं?"

"पप्पाचं अजून पक्कं नाई ना, ताई."

चार्ट नीट जागेवर ठेवून ती क्लासला गेली.

भाऊ दुपारी आले. पाणी प्यायले. चार्ट पाहिला आणि उभ्याउभ्याच थांबले. चौतीस नंबरवर अंगठा घासून पाहिला. शाई वाळलेली होती.

"कोनं लिवलं?"

"जिचं नाव आहे तिनं."

तेवढ्यात फोन वाजला. आमचे जुने गिऱ्हाईक, एक डॉक्टरसाहेब. दरवर्षी आठ-दहा सीटा घेणारे. भाऊंनी स्पीकर लावला. साहेब म्हणाले, "प्रल्हाद, आमच्या आठ सीटा आहेतच, भाचा आलाय पुण्याहून. एकच सीट वाढव. मागची चालेल, कुठलीही."

भाऊंचा हात सवयीनं खोडरबरावर गेला. मी मान खाली घालून फॉर्म चाळत बसले, वाचत काहीच नव्हते.

"हॅलो? प्रल्हाद?"

खोडरबर परत टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग भाऊंनी माझ्या हातातलं पेन घेतलं. पस्तीस नंबरवरच्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून ते सावकाश फिरवलं, एकेक काना, एकेक मात्रा, पोरीनं लिहिलं होतं अगदी तसंच.

"नाई साहेब," ते फोनवर म्हणाले, "गाडी फुल्ल हाये. पेनानं लिवून हाये."